‘गीताई’ कशी लिहिली गेली? धंद्यासाठी चांगलं लिहायला शिकायचे ७ नियम



मागच्या व्हिडिओत आपण पॅकिंग आणि लेबलचा खर्च कसा काढायचा ते पाहिलं. त्यानंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: "सर, लेबल छापून घेतो, पण त्यावर लिहायचं काय? स्टेटसला काय टाकायचं? रील बनवली तर बोलायचं काय?" म्हणून आजचा धडा लिखाणावर. व्हिडिओत वेळ कमी पडला, इथे सविस्तर लिहितो आहे. वही-पेन घेऊन बसा.

आधी एक भीती काढून टाकू. "आपण काय लेखक आहोत का?" असं तुम्ही म्हणाल. २०२३ मध्ये ९६ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या वर्ध्यात झालं. त्या मंडपात फिरून आलेले कितीतरी जण मला म्हणाले की साहित्य म्हणजे मोठ्या लोकांचं काम. पण पापड विकणारी ताई गिऱ्हाइकाला "हा तळायला नको, भाजून खा, कळण्याच्या भाकरीसोबत मस्त लागते" असं सांगते, तेव्हा ती गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे एक ताट उभं करते. लेखक तरी दुसरं काय करतो? फरक एवढाच की ताई बोलते आणि लेखक ते कागदावर उतरवतो.

मग कागदावर आलं की गडबड का होते? कारण पेन हातात घेतलं की आपण आपलं बोलणं सोडून देतो आणि दुसऱ्याचे शब्द उचलतो. "उत्कृष्ट दर्जा, माफक दर, एकदा अवश्य भेट द्या." आर्वीपासून हिंगणघाटपर्यंत शंभर दुकानांच्या पाट्या वाचा, ऐंशींवर हेच सापडेल. यातून गिऱ्हाइकाला तुमच्याबद्दल काहीच कळत नाही.

चांगलं लिहायचं कसं हे शिकायला लांब जायची गरज नाही. मराठीतल्या सगळ्यात जास्त खपलेल्या पुस्तकांपैकी एक इथेच, वर्ध्यात लिहिलं गेलं: विनोबांची ‘गीताई’. लाखो प्रती घरोघरी गेल्या. आज आपण तिच्याकडे फक्त लिखाणाचं काम म्हणून बघू. ते काम कसं झालं, त्यातून ७ नियम काढू आणि प्रत्येक नियम आपल्या धंद्याला लावू.

नियम १: एकाच माणसासाठी लिहा

विनोबांच्या आईला गीता समजून घ्यायची होती. संस्कृत येत नव्हतं. मुलाने मराठी गद्य भाषांतर आणून दिलं. आईला गद्यापेक्षा पद्य सोपं वाटायचं. मग त्याने वामन पंडितांची समश्लोकी आणली. तीही तिला संस्कृतइतकीच अवघड वाटली. शेवटी आईने मुलालाच विचारलं की तू स्वतःच सोपं करून का लिहीत नाहीस?

आई १९१८ मध्ये गेली. गीताई लिहायला घेतली ती १९३० मध्ये. म्हणजे जिच्यासाठी लिहायचं ती समोर नव्हती, पण लिहिताना वाचक मात्र तीच होती. नावातच बघा: गीता आणि आई.

आता तुमचं सांगा. तुमची पोस्ट कोणासाठी आहे? "सगळ्यांसाठी" हे उत्तर चालणार नाही. एक खरा माणूस निवडा. उदाहरणार्थ, नागपूरला खोली करून राहणारी, रोज डब्याला कंटाळलेली मुलगी. किंवा पुलगावची शाळेतली बाई, जिला संध्याकाळी घरी गेल्यावर अर्ध्या तासात स्वयंपाक उरकायचा असतो. लिहिताना तिलाच सांगतो आहोत असं समजा. निम्मे फालतू शब्द आपोआप गळून जातील, कारण ओळखीच्या माणसाला आपण "उत्कृष्ट दर्जा" असं कधी म्हणतच नाही.

नियम २: वेळ ठरवा, मूडची वाट बघू नका

७ ऑक्टोबर १९३०, पहाटे ५ वाजता विनोबांनी गीताई लिहायला सुरुवात केली. ६ फेब्रुवारी १९३१ ला ती पूर्ण झाली. आपण व्यापारी माणसं, हिशोब करू: १२३ दिवस, ७०० श्लोक. रोजचे सरासरी सहासुद्धा पडत नाहीत. मोठं काम रोजच्या छोट्या हप्त्याने पुरं झालं, आपल्या बचतगटाच्या बचतीसारखं.

तुम्हाला रोज सहा ओळी लिहायच्या आहेत. दुकान उघडण्याआधीची १५ मिनिटं किंवा दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हाची. वेळ तुम्ही ठरवा, पण एकदा ठरली की बदलू नका. सहाच्या सहा ओळी वाईट निघाल्या तरी चालेल. महिन्याला १८० ओळी होतात, त्यातल्या २० चांगल्या निघाल्या तरी महिनाभराच्या पोस्टची सोय झाली.

नियम ३: गिऱ्हाइकाला वाचायला द्या आणि हातात पेन्सिल ठेवा

सगळ्या धड्यात हा नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

गीताई लिहून झाली. दुसरा कोणी असता तर लगेच छापखान्यात गेला असता. विनोबांनी ती आधी वर्ध्याच्या कन्या आश्रमातल्या लहान मुलींना शिकवली. मुली कुठे अडतात, काय समजत नाही, ते पेन्सिलने टिपून ठेवलं. त्या टिपणांवरून पुन्हा दुरुस्त केलं आणि मग छापायला दिलं. १९३२ मध्ये पुस्तक आलं.

विचार करा. गीतेचा एवढा मोठा अभ्यासक, आणि परीक्षा घेतो लहान मुलींकडून! पंडितांना दाखवलं असतं तर वाहवा मिळाली असती, पण आईला समजेल की नाही ते कळलं नसतं.

आपण काय करतो? पोस्ट लिहून आपल्याच मित्रांच्या ग्रुपवर टाकतो. ते अंगठा दाखवतात, आपण खूश. ती परीक्षा नाही झाली. खरी परीक्षा अशी घ्या:

- लिहिलेला मजकूर शेजारच्या सहावी-सातवीतल्या मुलाला मोठ्याने वाचायला सांगा. तो अडखळला तिथे खूण करा.
- वाचून झाल्यावर कागद बाजूला ठेवा आणि विचारा, "सांग बरं, हे काय विकून राहिले?" त्याने जे सांगितलं तेच तुमच्या मजकुरात खरं पोचलं. बाकी सगळं वाया.
- तुम्ही मध्ये बोलू नका, समजावून सांगू नका. पाकिटासोबत तुम्ही गिऱ्हाइकाच्या घरी जाणार नाही आहात.

नियम ४: लिहिता येत नसेल तर आधी बोला

"सर, बोलायला लागलो की तासभर बोलतो, पण लिहायला बसलो की दोन ओळी होत नाहीत." ही तक्रार मी प्रत्येक बॅचमध्ये ऐकतो. त्यावरही उपाय आहे.

१९३२ मध्ये विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी, त्यांनी गीतेवर १८ प्रवचनं दिली. समोर कैदी बसलेले. त्यांच्यातच साने गुरुजी होते. ते बोलणं गुरुजींनी लिहून घेतलं आणि त्याचं ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं. मोठं पुस्तक असं बोलण्यातून तयार होतं.

तुमच्या खिशात आज साने गुरुजींच्या जागी मोबाईल आहे. रेकॉर्डिंग चालू करा आणि नियम १ मधल्या त्या एका माणसाला आपली वस्तू कशी बनते ते पाच मिनिटं सांगा. मग ते ऐकत ऐकत लिहून काढा. "म्हणजे", "असं आहे ना की" काढून टाका. बाकी शब्द तुमचेच ठेवा. वऱ्हाडी शब्द आला तर घाबरू नका. वाचणाऱ्याला कळत असेल तर तो मजकुराला चव देतो. कळत नसेल असं वाटलं तर शेजारी सोपा शब्द ठेवा.

आणि याच साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ पाच दिवसांत लिहून काढली. पाच दिवस ऐकून दडपू नका. लिहायला पाच दिवस लागले, पण त्या आठवणी कित्येक वर्षं मनात होत्या. ज्याच्याकडे सांगण्यासारखं खूप साठलेलं असतं, त्याचा हात भरभर चालतो. म्हणून धंद्यात रोज जे बघता, ऐकता ते टिपून ठेवा. गिऱ्हाईक काय म्हणालं, कोणी परत का आणून दिलं, पहिली बॅच का बिघडली. ही वही म्हणजे तुमचा कच्चा माल.

नियम ५: नाव असं ठेवा की गोंधळ होणार नाही

गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या सेगाव नावाच्या खेड्यात राहायला गेले. त्यांना देशभरातून पत्रं यायची. पण बुलढाणा जिल्ह्यात रेल्वेमार्गावर शेगाव आहे. सेगाव आणि शेगाव यांत टपाल चुकायला लागलं. म्हणून १९४० मध्ये नाव बदलून सेवाग्राम केलं.

धंद्याच्या नजरेने बघा. जुन्या नावाची अडचण होती, ती नव्या नावाने सुटली. वर त्या जागेवर काय काम चालतं ते नावातूनच कळायला लागलं. आपल्याकडचा गोरसपाक घ्या. नाव ऐकताच गाईचं दूध-तूप आठवतं, वेगळी जाहिरात करावी लागत नाही.

ब्रँडचं नाव ठरवताना तीन प्रश्न विचारा. फोनवर एकदाच सांगितलं तर समोरच्याला बरोबर लिहिता येतं का? जवळपास असंच दुसरं नाव आहे का? नावातून वस्तूचा काही अंदाज येतो का? तिन्हींची उत्तरं मनासारखी आली तरच पुढे जा.

नियम ६: खरं तेवढंच लिहा, पण बारकाईने लिहा

इथे लोक दोन टोकांना जातात. काही जण काहीच सांगत नाहीत, काही जण वाट्टेल ते सांगतात. आपण हळदीचं उदाहरण घेऊ. आपल्या समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. जिल्ह्यात हळद विकणारे वाढले आहेत, त्यामुळे हे उदाहरण कामाला येईल.

समजा एका ताईने पाकिटावर असं लिहिलं:

"१००% शुद्ध, नैसर्गिक, उत्तम दर्जाची हळद. मधुमेह, कॅन्सर व सर्व रोगांवर गुणकारी. एकदा अवश्य वापरून पाहा."

यात दोन चुका आहेत. पहिली कायद्याची. मधुमेह, कॅन्सर बरा होतो असं जाहिरातीत म्हणायला १९५४ च्या जादूई उपायांविरुद्धच्या कायद्याने बंदी आहे. अन्नसुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. भौगोलिक मानांकनाचंही तसंच. त्या नावाने माल विकायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. शेजारच्या तालुक्यातली हळद घेऊन "वायगाव हळद" छापायचं नाही.

दुसरी चूक लिखाणाची. या तीन ओळींत ती ताई कुठेच नाही. हेच शब्द कोणत्याही कंपनीच्या पाकिटावर चालतील.

आता हे वाचा:

"ही हळद आमच्या शेतातली. सासूबाई ती शिजवतात, मी पंधरा दिवस अंगणात उन्हात वाळवते. पॉलिश करून गावातल्याच चक्कीवर दळतो. रंग मिसळत नाही. बाजारच्या हळदीच्या अंदाजाने टाकाल तर भाजी जास्त पिवळी होईल, म्हणून पहिल्यांदा अर्धाच चमचा टाका."

शेवटचं वाक्य बघा. हळद कमी टाका असं विकणारीच सांगते आहे! गिऱ्हाइकाला दोन गोष्टी कळतात: हळद दमदार आहे आणि ही बाई आपल्या भल्याचं बोलते. "शुद्ध" हा शब्द एकदाही आला नाही, तरी विश्वास बसला. सर्जनशील लिखाण म्हणतात ते हेच. विशेषण काढा, त्या जागी डोळ्यांना दिसणारी, हाताला लागणारी एक गोष्ट ठेवा. मात्र अट एकच, ती गोष्ट खरी असली पाहिजे. अंगणात वाळवत नसाल तर अंगण लिहू नका. गिऱ्हाईक एक दिवस घरी येऊ शकतं.

नियम ७: दुरुस्त करा, आणि मग थांबा

लिहिलेलं लगेच टाकू नका. एक रात्र जाऊ द्या. सकाळी मोठ्याने वाचा. जिथे दम लागतो तिथे वाक्य मोडा. जो शब्द काढून टाकल्याने काही बिघडत नाही तो काढून टाका. दोनदा दुरुस्त झालं की टाकून मोकळे व्हा. पाचव्यांदा बदलत बसलात तर दिवाळी निघून जाईल आणि चिवड्याची पोस्ट तशीच राहील.

एक प्रश्न हमखास येतो

"सर, आता मोबाईलच सगळं लिहून देतो, मग एवढी मेहनत कशाला?"

वापरा ना, कोण नाही म्हणतं? शुद्धलेखन तपासायला, लांबलेला मजकूर आटोपशीर करायला ते कामाचं आहे. पण मोबाईलला तुमचं अंगण माहीत नाही. पहिल्या पावसात तुमचे किती पापड भिजले ते माहीत नाही. तुम्ही काहीच न सांगता त्याच्याकडून लिहून घेतलं तर तो पुन्हा "उत्कृष्ट दर्जा"च देईल, आणि तोच मजकूर शेजारच्या दुकानदारालाही देईल. मग गिऱ्हाइकाकडे निवडायला फक्त भाव उरतो. भावाच्या लढाईत छोटा माणूस मोठ्या कंपनीपुढे टिकत नाही. तुमची खरी गोष्ट मात्र त्या कंपनीला कितीही पैसे टाकून विकत घेता येत नाही. म्हणून लिखाण शिकायचं.

लिखाण हाच धंदा करायचा असेल तर

तुमच्यापैकी काही जण असे आहेत ज्यांना वस्तू विकायची नाही, लिहायचीच आवड आहे. त्यांनाही गावात काम आहे. बचतगटांची लेबलं, दुकानांच्या पोस्ट, रीलच्या स्क्रिप्ट, लग्नपत्रिकेचा मजकूर, एखाद्या आजोबांचं आयुष्य लिहून काढणं. त्यासाठी चार गोष्टी पाळा:

- आधी तीन ओळखीच्या दुकानांसाठी लिहून नमुन्यांची फाईल तयार करा.
- दर कामावर ठरवा, शब्दावर नको. चांगली ओळ छोटी असते, शब्द मोजले तर तुमचंच नुकसान.
- किती वेळा दुरुस्ती करून देणार ते आधीच लिहून द्या. दोनदा पुरे.
- निम्मे पैसे आगाऊ घ्या. संकोच करू नका.

आणि गिऱ्हाइकाने खोटं लिहायला सांगितलं तर नम्रपणे नाही म्हणा. छोट्या गावात तुमचं नाव हेच तुमचं भांडवल.

या आठवड्याचा गृहपाठ

सोमवार: तुमचा एक वाचक ठरवा. नाव, गाव, वय, त्याची अडचण वहीत लिहा.
मंगळवार: त्याला सांगतो आहोत असं समजून पाच मिनिटं बोला, रेकॉर्ड करा.
बुधवार: ऐकून लिहून काढा.
गुरुवार: सगळी विशेषणं खोडा. प्रत्येक जागी एक खरी, दिसणारी गोष्ट लिहा.
शुक्रवार: एका लहान मुलाला किंवा घरातल्या मोठ्या माणसाला वाचायला द्या. पेन्सिल तुमच्या हातात, तोंड बंद.
शनिवार: दुरुस्त करा.
रविवार: गोपुरीला गीताई मंदिरात एक चक्कर मारून या. तिथे भिंती नाहीत, छत नाही. गीताईचे १८ अध्याय दगडी शिळांवर कोरून उभे केलेले आहेत. एखादी शिळा मोठ्याने वाचा आणि कुठे अडखळता का ते बघा. लिहिल्यावर ते आधी लहान मुलींकडून तपासून घेतलं होतं, हे लक्षात ठेवून वाचा. घरी आल्यावर आपला मजकूर तसाच मोठ्याने वाचा आणि मगच स्टेटसला टाका.

पुढच्या भागात याच मजकुरावरून एक मिनिटाची रील कशी बनवायची ते बघू. तोपर्यंत रोजच्या सहा ओळी चुकवू नका. भेटूया!